शिकारीच्या जमिनीवर फळझाडं: कोणती लावावीत?

उत्तरपेनवासी
नमस्कार मंडळी. हा धागा बागकाम विभागात बसतो की नाही, ठाऊक नाही. ॲडमिनना वाटलं तर हलवावा.

पेनसिल्व्हेनियात, न्यूयॉर्कच्या सीमेजवळ, मी आणि ऑफिसातल्या एका मित्राने मिळून ४० एकर जमीन घेतली आहे. पूर्वी तिथे डेअरी होती. आता निम्म्याहून जास्त भाग जंगल आहे (मेपल, चेरी, थोडे ओक). उरलेल्या कुरणात कमरेएवढा गोल्डनरॉड आणि काटेरी हॉथॉर्न माजलाय. मधून बारमाही ओढा जातो. मित्राच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हरणांची शिकार चालत आलीय. मीही हंटर सेफ्टीचा कोर्स करून परवाना काढलाय, सध्या क्रॉसबो शिकतोय.

हरणं, टर्की आणि ग्राउझ (दोन्ही रानपक्षी), अस्वलं यांना ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत काही ना काही खायला मिळावं आणि जनावर आमच्या हद्दीत रमावं, अशी इच्छा आहे. ('अधिवास सुधारणा' म्हणतात तेच.) इथल्या एका मोठ्या दुकानात वसंतात सफरचंद, पेअर, पीचची कुंडीतली झाडं स्वस्तात मिळतात. तीच आणून कुरणात ओळीत लावावीत, असं मित्राचं मत. शेजारचा म्हातारा शिकारी मात्र म्हणतो, "झाडं कसली लावता, आधी करवत काढा." त्याचं म्हणणं मला नीट कळलेलं नाही.

तर, कोणती झाडं? हरणांपासून वाचवायची कशी? आणि फळझाडाखाली शिकार केली तर ते आमिष धरतात का?

शिकार योग्य की अयोग्य यावर कृपया वेगळा धागा काढावा.

पुणेरी_ठोंब्या
पाहुण्याला आग्रहाने जेवायला बोलवायचं, पानात सफरचंद वाढायचं आणि मागून बाण मारायचा. आमच्याकडे निदान जेवण तरी होऊ देतात.

मिशिगनकाका
शेवटची विनंती कुणी पाळणार नाही, हे गृहीत धरा. आता मुद्द्याचं.

दुकानातली ती झाडं घेऊ नका. ती परसात फवारणी करणाऱ्यांसाठी असतात. बहुतेक बुटक्या नाहीतर अर्धबुटक्या खुंटावर (मुळांकडचं झाड, ज्यावर कलम बांधतात) कलम केलेली. बुटक्या झाडाच्या फांद्या कायम हरणाच्या तोंडाशी राहतात, दरवर्षी शेंडे खाल्ले जातात आणि दहा वर्षांनीही झाड झुडूपच राहतं. तुम्हाला उंच वाढणारा खुंट हवा: अँटोनोव्का, एम-१११, बी-११८ यांपैकी काहीतरी. फळ उशिरा धरेल, पण फांद्या हरणाच्या वर जातील आणि फळ आपोआप खाली पडेल.

जात निवडताना दोनच गोष्टी बघा. एक, फवारणीशिवाय जगते का. स्कॅब आणि फायर ब्लाइट हे दोन रोग मोठे शत्रू. लिबर्टी, फ्रीडम, एंटरप्राइज या जाती मुद्दाम रोगप्रतिकारासाठी काढलेल्या आहेत. ब्लाइटच्या बाबतीत मला एंटरप्राइज सरस वाटते. दोन, फळ कधी पडतं. ऑगस्टात फळ टाकणारं झाड अस्वलांना, रॅकूनना छान, पण तुमचा धनुष्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि रायफलचा थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) आसपास. तोवर झाडाखाली बिया राहतात. उशिरा गळणारे क्रॅबॲपल (लहान फळांची सफरचंदं) बघा, काही जाती बर्फ पडेपर्यंत फळ धरून ठेवतात. गोडी, रंग, आकार यांच्याशी हरणाला देणंघेणं नाही.

पीच विसरा. तुमच्या थंडीत तो कळीतच मार खाईल.

पुणेरी_ठोंब्या
काका, दंडवत.

एडिसनची_सुगरण
ही वन्यजीवांची सफरचंदं माणसांना चालतात का? लिबर्टी मी ऑर्चर्डमध्ये खाल्लंय, झकास होतं.

मिशिगनकाका
चालतात की. एंटरप्राइज तर घरात ठेवलं की महिनाभराने अजून छान लागतं. फक्त आपला नंबर हरणाच्या आधी लागायला हवा.

पेअर लावायचा असेल तर कीफर. दगडासारखा कडक, दाताखाली रवाळ. पण ब्लाइट सोसतो आणि उशिरा पडतो.

एडिसनची_सुगरण
कीफर माहितीये! शेजारीण पोतंभर देते. किसून साखरांबा केला, वेलची आणि थोडं केशर घालून. कच्च्या कैरीच्या साखरांब्याइतका आंबट होत नाही म्हणून लिंबू पिळावं लागतं. कडक असल्याने कीस शिजून लगदा होत नाही, हा फायदा. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

सह्यभटक्या
धागाकर्त्यांची विनंती वाचली, तरी लिहितो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. आपल्याकडे भेकराला हात लावला तर तुरुंग. आणि इथे मराठी माणूस अमेरिकेत जाऊन झाडं लावतोय, तीही मारण्यासाठी! याला 'अधिवास सुधारणा' म्हणणं मला पटत नाही. जनावरांसाठी झाड लावायचं तर निरपेक्ष लावा.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, आमच्याइकडे झाडं लावाचं कामच नाही. तूर पेरली का रोही (नीलगाय) हजर. हरभरा पेरला का रानडुक्कर हजर. अधिवास एवढा सुधारला आहे का रात्री मचाणावर जागल करा लागते.

वनस्पतीवेडी
@सह्यभटक्या, तुमची भावना समजते, पण इथलं जंगल वेगळ्या आजाराने आजारी आहे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या बहुतेक भागातून लांडगा आणि प्यूमा कधीच संपवले गेले. हरणंही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खूप घटली होती, मग कायदे आले, शेतं ओस पडून झुडपं वाढली आणि त्यांची संख्या उसळली. आज अनेक जंगलांत हरणाच्या तोंडापर्यंतच्या उंचीत नेचे सोडून काही दिसत नाही. ओकचं रोप उगवतं आणि त्याच हिवाळ्यात खाल्लं जातं. झुडपांत घरटं करणारे पक्षी तिथून जातात. अशा ठिकाणी माद्यांची शिकार हा जंगल वाचवण्याचाच भाग असतो.

शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर केंद्रीय कर आहे (रायफलवर ११ टक्के). तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. मी स्वतः शिकार करत नाही, मांसही खात नाही.

धागाकर्त्यांना दोन सूचना. 'पटकन फळ देणारा पेअर' म्हणून कॅलरी पेअर किंवा त्याचा ब्रॅडफर्ड वाण कुणी दिला तर घेऊ नका. तो रानात इतका पसरतो की ओहायोत २०२३ पासून आणि तुमच्या पेनसिल्व्हेनियात २०२४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. तसंच ऑटम ऑलिव्ह. पक्ष्यांना, जनावरांना अन्न म्हणून एकेकाळी सरकारी खात्यांनीच तो हौसेने वाटला, आता तीच खाती तो उपटायला अनुदान देतात.

दुसरं म्हणजे देशी झाडांकडे बघा. अमेरिकन प्लमची जाळी मूळ फुटव्यांनी स्वतःच वाढते, फळही देते आणि आडोसाही. सर्व्हिसबेरी, एल्डरबेरी, व्हायबर्नम. तुम्ही ज्याला 'माजलाय' म्हणता तो हॉथॉर्न ग्राउझसाठी उत्तम आहे, सरसकट काढू नका. पर्सिमन हरणांना वेड लावतो, पण नर-मादी झाडं वेगळी असतात. बियांपासूनची रोपं लावली तर त्यातली बरीच नर निघतात. आणि उत्तर पेनमध्ये झाड जगलं तरी फळ पिकायला उन्हाळा पुरेलच असं नाही. तुमचा झोन (थंडीनुसार पाडलेला लागवडीचा विभाग) कोणता?

मिशिगनकाका
ताई, प्रतिसाद आवडला. एक भर: चायनीज चेस्टनट. सहा-सात वर्षांत फळ धरतो आणि ओकसारखा एक वर्ष भरभरून, दोन वर्षं उपास असा प्रकार नाही.

वनस्पतीवेडी
काका, त्याच परदेशी चेस्टनटांबरोबर आलेल्या बुरशीने अमेरिकन चेस्टनट संपवला. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात ती पहिल्यांदा दिसली आणि पुढच्या चाळीसेक वर्षांत अब्जावधी झाडं गेली. एवढा इतिहास असताना तुम्ही पुन्हा चायनीजच सुचवताय?

मिशिगनकाका
गेलेल्या झाडाखाली हरीण येत नाही, ताई. देशीचा आग्रह मान्य, पण मला ह्याच जन्मात बघायचंय.

ऑस्टिनकर
फळझाडांमागे एवढा खटाटोप का? आमच्या टेक्सासात खासगी जमिनीवर मक्याचा फीडर लावायचा, टायमर ठरवायचा, मचाणात बसायचं. पूर्ण कायदेशीर.

आणि माझ्या मते हरीण अन्नासाठी येतं, पण राहतं ते आडोशासाठी. नुसती फळं लावलीत तर ते रात्री येऊन खाईल आणि उजाडायच्या आत शेजाऱ्याच्या दाट झाडीत जाऊन बसेल. सकाळी शिकार शेजारी करेल, पाणी तुम्ही घाललेलं. आधी झाडी दाट करा. कमी किमतीची झाडं अर्धवट कापून आडवी पाडायची. सालीच्या जोडावर ती जिवंत राहतात, पाला खाली येतो, आडोसाही होतो.

कोलंबसची_वकीलबाई
फीडरचा सल्ला पेनसिल्व्हेनियात घातक ठरेल. तिथे सर्वसाधारणपणे आमिष टाकून हरणाची शिकार करता येत नाही, अपवाद फार थोडे. जमिनीत रुजलेल्या झाडाचं फळ नैसर्गिकपणे पडलं, तर ती शेती-बागायत. तेच फळ गोळा करून मचाणासमोर ढीग केला, किंवा बाजारातून पोती आणून ओतली, की झालं आमिष. म्हणजे प्रश्न फळाचा नाही, ते तिथे कसं पोचलं याचा आहे. तरी हंगामाआधी गेम कमिशनच्या (राज्याच्या वन्यजीव खात्याच्या) त्या वर्षाच्या नियमांचं पुस्तक वाचाच, रोगाच्या क्षेत्रांत नियम आणखी कडक असतात.

रोग म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ मध्ये कोलोराडोत पिंजऱ्यातल्या हरणांत पहिल्यांदा दिसला, पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये सापडला. यात विषाणू किंवा जिवाणू नसतो, बिघडलेली प्रथिनं असतात. लाळेतून, मूत्रातून पसरतात आणि मातीत वर्षानुवर्षं राहतात. औषध नाही. एका ढिगावर दहा हरणांनी तोंड घातलं की काय होईल, ते सांगायला नको. मिशिगनच्या लोअर पेनिन्सुलात (राज्याच्या दक्षिणेकडच्या भागात) २०१९ पासून आमिषावर बंदी आली ती यामुळेच. काकांना ठाऊक असेल.

मिशिगनकाका
ठाऊक आहे. पेट्रोल पंपावर गाजर-बिटाची पोती विकणाऱ्यांचा धंदा बसला तेव्हा किती आरडाओरडा झाला होता!

म्हणूनच ओळीत बाग लावू नका. दोन-तीन झाडं एका कोपऱ्यात, दोन ओढ्याच्या वरच्या अंगाला, चार जंगलाच्या काठाने. सफरचंदाला परागीभवनासाठी जवळपास दुसरी जात लागते, तेवढं सांभाळा.

आणि ऑस्टिनकर, आडोशाचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण अर्धवट कापून झाड पाडणं नवख्याला सांगू नका. ताणात असलेलं खोड उभं चिरतं आणि मागचा भाग उसळून थेट तोंडावर येतो. अनुभवी लाकूडतोड्यांचेही त्यात जीव गेलेत.

शिकाऱ्याची_बायको
सगळे हरणांबद्दल बोलताय, गोचिडांबद्दल कोण बोलणार? पेनसिल्व्हेनिया लाइम रोगात वरच्या नंबरात असतं. आमचे हे जंगलातून आले की कपडे दारातच काढायला लावते, सरळ ड्रायरमध्ये जास्त तापमानावर. बुटांवर आणि पँटवर परमेथ्रीनचा फवारा (अंगावर नाही, कपड्यांवर! आणि ओला असताना मांजरापासून लांब). कानामागे, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली बघायचं. लहान गोचीड तिळाहूनही बारीक असते. झाडं लावायला एप्रिल-मेमध्ये जाल, तोच त्यांचा हंगाम.

बाकी फ्रीझरभर मांस मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. हिरव्या वाटणातला खिमा झकास होतो. चरबी नसते, त्यामुळे तेल नेहमीपेक्षा जास्त घालावं लागतं.

एडिसनची_सुगरण
पाककृती विभागात टाका ना, ताई!

उत्तरपेनवासी
इतके प्रतिसाद! मंडळी, धन्यवाद.

वनस्पतीवेडी, झोन ५. म्हणजे पर्सिमन बाद.

काल शेजाऱ्याला घेऊन कुरणाच्या कडेने फिरलो. जिथे जुनं घर होतं (आता फक्त दगडी जोतं उरलंय), तिथून जंगलाच्या काठाने सफरचंदाची म्हातारी झाडं आहेत. द्राक्षाच्या रानवेलींनी इतकी झाकलीत की आम्ही त्यांना मेपलच समजत होतो. एकाचं खोड पोकळ, पण वरच्या एका फांदीवर हाताच्या मुठीएवढी पिवळसर फळं आहेत. खाली अस्वलाची विष्ठा, सगळी सफरचंदाच्या सालींनी भरलेली. फोटो चढत नाहीयेत, साइज कमी करून बघतो.

मिशिगनकाका
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं! शेजारी करवत काढा म्हणतो ती यासाठी.

तुमच्याकडे मूळ रुजलेली झाडं आहेत, ती फक्त सावलीत गुदमरलीत. नवं कलम लावून त्या आकाराचं झाड व्हायला पंधरा वर्षं जातील. ही जुनी दोन-तीन वर्षांत फळं वाढवतील.

पहिल्या हिवाळ्यात सफरचंदाला हातच लावायचा नाही. त्याच्यावर सावली धरणारी झाडं कापायची: दक्षिण आणि पश्चिम बाजूचे लाल मेपल, मेलेले ॲश. ओक असेल तर ठेवा. कापलेले शेंडे तिथेच पडू द्या, मेपलच्या कळ्या हरणं जानेवारीत आवडीने खातात आणि त्या जाळीत ससे राहतात. रानवेल बुंध्याशी कापायची, वरून ओढायची नाही. ओढाल तर फांदी घेऊन खाली येईल. वाळली की आपोआप गळते. आणि सगळ्याच वेली तोडू नका. जंगलात आत असलेली रानद्राक्षं ग्राउझ आणि टर्की डिसेंबरपर्यंत खातात.

दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आधी मेलेलं लाकूड काढा. मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या. एका वर्षात जिवंत झाडोऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कधीच नाही, नाहीतर झाड घाबरून सरळसोट पाणफुटवे काढत बसतं आणि फळ विसरतं. पोकळ खोडाला काही करू नका, त्यात कुणीतरी राहत असेल.

जे झाड चांगलं उशिरा फळ टाकतं, त्याच्या काड्या हिवाळ्यात कापून ओल्या कागदात फ्रिजमध्ये ठेवा आणि वसंतात नव्या खुंटावर कलम करा. तुमच्या मातीत, फवारणीशिवाय इतकी वर्षं टिकलेली जात कुठल्याही नर्सरीत मिळणार नाही.

वनस्पतीवेडी
+१. ह्या प्रतिसादाबद्दल चायनीज चेस्टनट माफ.

कोकणचो_माणूस
आमची गजाल वेगळी. रत्नागिरीकडे आमच्या डोंगरात धनेशासाठी म्हणून उंबर आणि वड राखलेत. धनेश येतो, पंखांचा आवाज घरापर्यंत ऐकू येतो. काजऱ्याचं कडू फळ आपण तोंडात घालणार नाही, तो आवडीने गर खातो. भेकरं आवळ्याखाली येतात. आवळे गिळतात आणि रवंथ करताना बिया थुंकतात, म्हणून रोपं झाडापासून दूर उगवलेली दिसतात. सह्यभटक्या म्हणतात तसं निरपेक्ष काम.

फक्त वानर-माकडांचं काय करायचं ते अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सांगावं. हापूसवर कुठला पिंजरा घालू?

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, पिंजरा आंब्याले नाही, आपल्यालेच घालाचा आणि आतून बघत बसाचं.

सह्यभटक्या
कोकणचो_माणूस, तुमचा डोंगर बघायला यायला आवडेल.

वनस्पतीवेडी, हरणांनी जंगल खाऊन टाकल्याचं मला माहीत नव्हतं, त्यावर वाचतो. तरी मांसासाठी मारणं आणि जंगलासाठी मारणं यात मारणाऱ्याला नेमका कशाचा आनंद होतो, हा माझा प्रश्न कायम आहे. नवा धागा काढतो.

जुगाडू_जोशी
पिंजऱ्यांबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून मी. मोबाईलवरून टंकतोय, सांभाळून घ्या.

५ फूट उंचीची वेल्डेड जाळी घ्यायची, २ × ४ इंच चौकटीची. कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, हरीण तिला अंग घासून सपाट करतं. १३-१४ फुटांचा तुकडा गोल केला की साधारण सव्वाचार फूट व्यासाचा पिंजरा होतो. १०० फुटांच्या गुंडाळीत सात बसतात. व्यास कमी केलात तर हरीण मान घालून शेंडा खातं. नर हरीण शरदात शिंगं घासायला नेमकी मनगटाएवढी खोडं निवडतो, त्यामुळे झाड मोठं दिसलं तरी पिंजरा काढू नका.

पिंजऱ्याने हरीण थांबतं, उंदीर नाही. बर्फाखालून उंदरासारखे छोटे व्होल येतात आणि बुंध्याची साल गोल कुरतडतात. वसंतात झाड फुलतं आणि मेमध्ये अचानक मान टाकतं. त्यासाठी खिडकीची ॲल्युमिनियमची जाळी बुंध्याभोवती सैल गुंडाळून स्टेपल करायची, तळ मातीत दोन इंच. आत गवत वाढू द्यायचं नाही, बुंध्याशी बारीक खडी टाकायची. पालापाचोळ्याचं आच्छादन खोडाला चिकटवलं तर व्होलला तुम्ही रजाई दिलीत.

ओक-चेस्टनटच्या बारीक रोपांना प्लास्टिकच्या नळ्या चालतात, पण वरच्या तोंडाला बारीक जाळी बसवा. ब्लूबर्ड आत उतरतो आणि अडकून मरतो. उन्हाळ्यात नळीत हात घालण्याआधी टकटक करा, आत गांधीलमाश्या असतात.

अस्वलाला उपाय नाही. ते पिंजऱ्यासकट झाडावर चढतं.

पुणेरी_ठोंब्या
वाचनखूण साठवली. माझ्याकडे टू बीएचके आणि कुंडीत तुळस आहे.

ॲडमिन
शिकारीच्या नैतिकतेवरचे पुढचे प्रतिसाद सह्यभटक्या यांच्या नव्या धाग्यावर हलवले आहेत. इथे झाडांबद्दलच बोलावे.

उत्तरपेनवासी
बऱ्याच महिन्यांनी धागा वर आणतोय. हिवाळ्यात शेजारी आणि मित्राबरोबर मेपल काढले, वेली बुंध्याशी कापल्या. सफरचंदांना हात लावला नाही. ह्या मेमध्ये ती झाडं फुलली, तेव्हा कळलं की आम्ही मोजली होती त्यापेक्षा जास्त आहेत. झाडीत आत अजून दोन निघाली.

नवी झाडं थोडीच घेतोय: चार सफरचंद (दोन लिबर्टी, दोन एंटरप्राइज, एम-१११ वर), उशिराचे दोन क्रॅबॲपल आणि गेम कमिशनच्या नर्सरीतून झुडपांची रोपं. मित्राला अजूनही ओळीत बाग हवी होती, त्याला वकीलबाईंचा प्रतिसाद भाषांतर करून वाचून दाखवला. पिवळ्या फळवाल्या झाडाच्या काड्या दोन खुंटांवर बांधल्यात, एक फुटलीय.

प्रश्न: पिंजऱ्याला खांब किती? दुकानदार एक पुरे म्हणतो.

जुगाडू_जोशी
एकाने वारा आला की पिंजरा त्याच्याभोवती फिरतो आणि शेंडा कापतो. दोन समोरासमोर, टी-पोस्ट (लोखंडी खांब). इमारती लाकडाचे नको, कुजतात.

मिशिगनकाका
तीन ठोका. तुमच्याकडे अस्वल आहे. आणि फुटलेल्या कलमाची पट्टी जूनअखेर चिरायला विसरू नका, नाहीतर गळा आवळला जातो.

एडिसनची_सुगरण
त्या पिवळ्या सफरचंदांची चव कशी आहे, ते कुणीच विचारलं नाही!

उत्तरपेनवासी
आंबट. भयंकर आंबट. साखरांब्याला लिंबू लागणार नाही.